ओर्व्हिएतोची आडवाट

युरोपच्या यात्रेला निघणाऱ्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांची वाट आता बहुतेक ठरून गेलेली आहे. रोम, असिसी, पादुआ, आणि दिवस व पैसा पुरला तर लूर्ड्‌स किंवा फातिमा. यात्रा-कंपनीची बस सकाळी दारात उभी राहते, मार्गदर्शक झेंडी उंचावून पुढे चालतो, आणि दोन आठवड्यांत दहा-बारा गावे पाहून मंडळी परत येतात. यात वावगे काही नाही. आयुष्यभराची पुंजी साठवून एकदाच केलेल्या प्रवासात जास्तीत जास्त पवित्र स्थळांचे दर्शन व्हावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. तरीही धर्मग्रामातील आम्ही काही कुटुंबांनी बसऐवजी आगगाडीने इटलीचा प्रवास करण्याचे योजिले आणि नकाशा पुढ्यात घेतला, तेव्हा रोम आणि फ्लॉरेन्स यांच्या मधोमध एका नावाशी आमची नजर थबकली. ते नाव होते ओर्व्हिएतो.

रोमहून फ्लॉरेन्सला अतिजलद गाडीने दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. तशीच पुढे बोलोन्यावरून पादुआला जाण्याचीही सोय आहे. यांतील बहुतेक अतिजलद गाड्या ओर्व्हिएतोला थांबत नाहीत. तिथे उतरायचे तर रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून साधी प्रादेशिक गाडी पकडावी लागते आणि सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या अंतराला सव्वा ते दीड तास द्यावा लागतो. पुढे फ्लॉरेन्स गाठण्यासाठी पुन्हा तशीच संथ गाडी आणि आणखी दोन-अडीच तास. थोडक्यात, ओर्व्हिएतोसाठी यात्रेतला एक दिवस खर्ची घालावा लागतो. हा दिवस कशासाठी द्यायचा, असा रोखठोक प्रश्न आमच्यातील काहींनी विचारला. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला साडेसातशे वर्षे मागे जावे लागले. वाचकांसमोर ठेवण्यासारखे त्यातून जे गवसले, ते येथे मांडीत आहोत.

कड्यावरचे नगर

ओर्व्हिएतो हे उंब्रिया प्रांतातील मध्ययुगीन नगर आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकाच्या एका उभ्या कड्यावर ते वसले आहे. खाली पाल्या नदीचे खोरे, वर सपाट माथा आणि चहूबाजूंना तुटलेले कडे, अशी त्याची रचना. तटबंदीचे निम्मे काम निसर्गानेच करून ठेवल्यामुळे संकटाच्या काळी पोपमहोदय अनेकदा या नगराच्या आश्रयाला आले. तेराव्या शतकात रोममधील सरदार घराण्यांचे तंटे आणि होहेनस्टाउफेन राजघराण्याशी चाललेला संघर्ष यांमुळे पोपना रोममध्ये राहणे अवघड झाले होते. पोप चौथे अर्बन यांची निवड १२६१ साली व्हितेर्बो येथे झाली. पोपपदाच्या तीन वर्षांत त्यांनी रोममध्ये पाऊल ठेवले नाही. त्यांचे वास्तव्य आधी व्हितेर्बो येथे आणि नंतर ओर्व्हिएतो येथे झाले.

याच ओर्व्हिएतोमधून ११ ऑगस्ट १२६४ रोजी त्यांनी एक आज्ञापत्र प्रसृत केले. 'त्रान्सितुरुस' या आरंभीच्या लॅटिन शब्दाने ते इतिहासात ओळखले जाते. प्रभू येशूच्या पवित्र शरीराचा सण अखिल ख्रिस्तसभेने दरवर्षी साजरा करावा, असा आदेश त्यात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर येणारा, धर्मग्रामातील लहानथोरांना पवित्र साक्रामेंताच्या मागे चालावयास लावणारा आपला हा सण. त्याचे आज्ञापत्र कोणत्या गावी लिहिले गेले, हे आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असेल. आमच्यापैकीही बहुतेकांना ते ठाऊक नव्हते.

बोल्सेनाची कथा

ओर्व्हिएतोचे नाव ज्यांनी ऐकलेले असते, त्यांनी ते प्रायः एका चमत्काराच्या संदर्भात ऐकलेले असते. परंपरा सांगते ती हकिकत अशी. १२६३ साली प्राग येथील पीटर नावाचे एक धर्मगुरू रोमच्या यात्रेला निघाले होते. भाकर आणि द्राक्षारस हे खरोखरच प्रभूचे शरीर व रक्त होतात काय, या शंकेने त्यांचे मन पोखरले होते. वाटेत बोल्सेना या सरोवरकाठच्या गावी, संत क्रिस्टिनाच्या समाधीपाशी मिस्सा अर्पण करीत असताना अर्पित भाकरीतून रक्त ठिबकू लागले आणि वेदीवर अंथरलेले कॉर्पोरल, म्हणजे ते शुभ्र वस्त्र, रक्ताने डागाळले. धर्मगुरू धावत ओर्व्हिएतोला पोपकडे गेले. पोपनी ते वस्त्र सन्मानपूर्वक नगरात आणविले. आजही ते ओर्व्हिएतोच्या कथीड्रलमध्ये एका स्वतंत्र चॅपेलात जतन केलेले आहे आणि ख्रिस्तशरीराच्या सणाला नगरातून त्याची मिरवणूक निघते.

या कथेत प्रवासाचा जो तपशील आहे, तो इतिहासाशी नेमका जुळतो. उत्तर युरोपातून रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंची जी प्राचीन वाट होती, तिला 'व्हिया फ्रांचीजेना' म्हणतात. कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक ९९० साली रोमहून परतले, तेव्हाची त्यांच्या मुक्कामांची यादी आजही उपलब्ध आहे आणि तीत बोल्सेनाचा मुक्काम संत क्रिस्टिनाच्या नावाने नोंदलेला आहे. म्हणजे मध्ययुगातील यात्रेकरू बोल्सेनावरूनच जात असत. ओर्व्हिएतो मात्र त्या वाटेपासून वीसेक किलोमीटर आडबाजूला. पुढे रोम ते फ्लॉरेन्स हा थेट लोहमार्ग १८७५ साली पूर्ण झाला. त्याने नदीखोऱ्याची सोपी चढण निवडली आणि तो ओर्व्हिएतोच्या पायथ्यावरून गेला. त्यामुळे बोल्सेना आडबाजूला पडले. शंभर वर्षांनी, १९७७ साली, अतिजलद मार्गाचा पहिला टप्पा त्याच खोऱ्यातून लांबलचक पुलावरून धावू लागला आणि जलद गाड्यांना ओर्व्हिएतोला थांबण्याचे कारण उरले नाही. काळाबरोबर वाटा बदलतात, आणि कालचे मुक्कामाचे गाव आज आडवाटेचे होते.

आज्ञापत्र काय सांगते

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळले पाहिजे. बोल्सेनाचा चमत्कार झाला म्हणून पोपनी हा सण सुरू केला, असे सर्रास सांगितले जाते. आज्ञापत्र वाचू गेल्यास मात्र त्यात बोल्सेनाचा उल्लेख आढळत नाही. त्या वस्त्राचाही नाही. चमत्काराची संपूर्ण कथा चित्ररूपाने दाखविणारी चांदी-मिन्याची सुरेख पेटी सिएनाच्या उगोलिनो दि व्हिएरी याने १३३७-३८ मध्ये घडविली. म्हणजे आज्ञापत्रानंतर पाऊण शतकाने. राफाएलने व्हॅटिकनच्या भिंतीवर बोल्सेनाच्या मिस्सेचे जे प्रसिद्ध चित्र रंगविले, ते तर १५१२ चे. रोमला गेलेले आपले यात्रेकरू हे चित्र पाहतात, पण घाईत त्याचा विषय कोणता, हे ध्यानी येत नाही.

मग आज्ञापत्रात आहे तरी काय? त्यात पोप अर्बन सांगतात की, आपण पूर्वी कनिष्ठ पदावर असताना काही श्रद्धावंतांना या सणाविषयी दैवी प्रेरणा झाल्याचे आपणांस समजले होते. हे श्रद्धावंत कोण, आणि ते कनिष्ठ पद कोणते, याचा माग काढीत गेले की माणूस इटलीतून थेट आजच्या बेल्जियममधील लिएज नगरात जाऊन पोचतो.

लिएजची जुलियाना

लिएजजवळ ११९० च्या दशकाच्या आरंभी जुलियाना नावाची मुलगी जन्माला आली. वयाच्या पाचव्या वर्षी ती अनाथ झाली आणि बहीण अ‍ॅग्नेस हिच्यासह माँ-कॉर्निलाँ येथील धर्मभगिनींच्या हवाली करण्यात आली. कुष्ठरोग्यांच्या सेवेला वाहिलेली ती संस्था होती. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तिला प्रार्थनेत एक दृश्य दिसू लागले. पूर्ण तेजाने झळकणारा चंद्र आणि त्याच्या बिंबावर एक काळा पट्टा. तिला उमगलेला अर्थ असा की, चंद्र म्हणजे ख्रिस्तसभेचे पृथ्वीवरील जीवन, आणि काळा पट्टा म्हणजे तीत उणा असलेला एक सण, ख्रिस्तशरीराचा.

जुलियानाने हे गुपित सुमारे वीस वर्षे मनात ठेवले. त्यानंतर तिने ते दोन मैत्रिणींना सांगितले. त्यांतील इव्ह ही लिएजच्या संत मार्टिन मंदिराला लागून असलेल्या खोलीत एकान्तवासात राहणारी तपस्विनी होती. जुलियानाच्या विनंतीवरून योहान नावाच्या एका धर्मगुरूंनी जाणकार धर्मपंडितांचा सल्ला घेतला. त्या पंडितांत लिएज धर्मप्रांतातील एक आर्चडीकन होते, जाक पांतालेआँ. फ्रान्समधील त्रोआ गावच्या एका चर्मकाराचे ते पुत्र. त्यांनी जुलियानाच्या बाजूने मत दिले. १२४६ साली लिएजचे बिशप रॉबर्ट यांनी आपल्या धर्मप्रांतापुरता हा सण सुरू केला आणि त्याच वर्षी ते निवर्तले.

आश्रयदाता गेल्यावर जुलियानाचे दिवस पालटले. काही धर्मगुरूंनी आणि ज्यांच्या अधिकारात तिचा मठ होता, त्या वरिष्ठांनी तिला कडवा विरोध केला. १२४८ च्या सुमारास काही सहचारिणींसह तिने मठ सोडला. पुढली दहा वर्षे ती सिस्टर्सियन भगिनींच्या एका मठातून दुसऱ्या मठात आसरा घेत राहिली. ५ एप्रिल १२५८ रोजी फॉस या गावी तिने देह ठेवला, तेव्हा तिचा सण लिएजच्या आसपासच्या मुलखापलीकडे फारसा कोणाला ठाऊक नव्हता.

तिच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी तो चर्मकाराचा मुलगा, जाक पांतालेआँ, पोप चौथे अर्बन झाला. आणि आणखी तीन वर्षांनी ओर्व्हिएतोच्या कड्यावरून ते आज्ञापत्र निघाले. पोपनी आणखी एक गोष्ट केली. ८ सप्टेंबर १२६४ रोजी त्यांनी लिएजच्या त्या एकान्तवासिनी इव्हला आज्ञापत्राची आणि नव्या उपासनेची प्रत पत्रासह धाडली. जुलियाना हयात नव्हती, पण तिची मैत्रीण होती. अखिल ख्रिस्तसभेचा प्रमुख एका खोलीत स्वतःला कोंडून घेतलेल्या स्त्रीला पत्र लिहून तुमची इच्छा पूर्ण झाली असे कळवितो, ही घटना आम्हांला कोणत्याही चमत्काराइतकीच नवलाची वाटली. त्यानंतर महिनाभरातच, २ ऑक्टोबर रोजी, पोप अर्बन पेरुज्यात मरण पावले.

या उपासनेतील गीते आणि प्रार्थना संत थॉमस अक्वायनस यांनी रचल्या, अशी ख्रिस्तसभेची परंपरा आहे. ते त्या काळी ओर्व्हिएतो येथील डोमिनिकन मठात अध्यापन करीत होते. 'तांतुम एर्गो' हे आपल्या वडीलधाऱ्यांना लॅटिनमध्ये मुखोद्गत असलेले गीत त्याच उपासनेतील एका मोठ्या गीताचा शेवटचा भाग आहे. आपल्या देवळांत ज्यांनी धूपाच्या दरवळात ते गायिले, त्यांच्या कंठातून नकळत ओर्व्हिएतोच बोलत होते.

पोपच्या निधनानंतर हा सण पुन्हा मागे पडला. व्हिएन्न येथील धर्मपरिषदेच्या काळात पोप पाचवे क्लेमेंट यांनी त्या आज्ञापत्राला पुन्हा मान्यता दिली आणि १३१७ साली पोप बाविसावे जॉन यांच्या हातून ते कायदेसंग्रहात प्रसिद्ध झाल्यावर सण सर्वत्र पसरला. मिरवणुकीची आज्ञा मूळ आज्ञापत्रात नाही. ती प्रथा लोकांच्या भक्तीतून गावोगाव रुजली. पुढे पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर ती आपल्या कोकणपट्टीवरही आली.

मावशींचा प्रश्न

आमच्या बैठकीत हा सारा वृत्तान्त सांगून झाल्यावर एक वृद्ध मावशी जरा खट्टू झाल्या. "म्हणजे फादर आम्हांला लहानपणापासून सांगत आले, ते खोटे का?" असे त्यांनी विचारले. प्रश्न मोलाचा होता आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे बरे नव्हते.

"मावशी, खोटे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही," आम्ही म्हणालो. ख्रिस्तसभा त्या वस्त्राचा सन्मान करते, पोप त्याच्यापुढे गुडघे टेकतात. पण अशा चमत्कारावर विश्वास ठेवणे हे श्रद्धेचे बंधन नव्हे, हेही ख्रिस्तसभाच शिकविते. आपली श्रद्धा प्रभूच्या शब्दावर उभी आहे. आज्ञापत्रात बोल्सेनाचे नाव नाही, एवढ्यावरून तिथे काही घडलेच नाही असे सिद्ध होत नाही. परंतु सणाचा उगम केवळ चमत्काराशी जोडून मोकळे झालो, तर जुलियाना विसरली जाते. वीस वर्षांचे तिचे मौन, तिची वणवण आणि इव्हची सोबत विसरली जाते. शंकेने ग्रासलेल्या एका धर्मगुरूची कथा आपण पिढ्यानपिढ्या सांगितली. श्रद्धेवर अढळ राहिलेल्या एका अनाथ मुलीची कथा मात्र सांगावयाची राहून गेली. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी १७ नोव्हेंबर २०१० रोजी आपल्या बुधवारच्या प्रवचनात मुद्दाम तिची आठवण करून दिली होती. मावशींनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "मग त्या बाईचेही नाव सणाच्या दिवशी घ्यायला पाहिजे."

प्रवासाची आखणी

त्या बैठकीत एक दिवस ओर्व्हिएतोला द्यावयाचे ठरले. तसा बेत करणाऱ्या इतर कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून आमची आखणी थोडक्यात देतो. अतिजलद गाड्यांची तिकिटे जितकी आधी काढावीत तितकी सहसा स्वस्त पडतात. प्रादेशिक गाडीचे भाडे मात्र अंतरावर ठरलेले असते आणि त्यासाठी घाई करावी लागत नाही. कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी स्थानकातील यंत्रात शिक्का मारून घेणे आवश्यक असते, अन्यथा दंड होतो. स्थानक कड्याच्या पायथ्याशी आहे. तेथून समोरच चढणीची गाडी मिळते. १८८८ साली ती सुरू झाली, तेव्हा पाण्याच्या वजनावर चालत असे. मध्यंतरी बंद पडलेली ही गाडी १९९० पासून विजेवर पुन्हा धावू लागली आणि काही मिनिटांत वर नेऊन सोडते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना यामुळे चढ चढावा लागत नाही.

कथीड्रलची पायाभरणी १२९० साली झाली. ते स्वर्गोन्नत मरियेला अर्पण केलेले आहे. त्याच्या दर्शनी भागावर लोरेन्झो मायतानी याच्या काळात कोरलेली शिल्पे उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतचा पवित्र इतिहास सांगतात. अक्षरओळख नसलेल्या त्या काळच्या लोकांसाठी ते दगडातील बायबलच होते आणि मुलांना सोबत घेऊन ते आजही वाचता येते. आत डाव्या हाताच्या चॅपेलात ते पवित्र वस्त्र आहे. उजव्या हाताच्या चॅपेलात लुका सिन्योरेल्ली याने १५०४ च्या सुमारास पूर्ण केलेली अंतकाळाची भित्तिचित्रे आहेत. वेळ उरल्यास संत पॅट्रिकची विहीर पाहावी. १५२७ च्या रोमच्या लुटीनंतर इथे आश्रयाला आलेल्या पोप सातव्या क्लेमेंट यांनी वेढा पडल्यास पाणी तुटू नये म्हणून ती खणविली. पन्नास मीटरहून खोल अशा त्या विहिरीत एकमेकींना कोठेही न भेटणारे दोन वर्तुळाकार जिने आहेत. एकाने पाण्यासाठी खेचरे उतरत आणि दुसऱ्याने वर येत. पायऱ्या २४८ आहेत, हे मात्र उतरण्यापूर्वी ध्यानात असू द्यावे. बोल्सेनालाही जावयाचे असल्यास बसचे वेळापत्रक, विशेषतः सुटीच्या दिवसाचे, आधी तपासावे.

शक्य असल्यास एक रात्र मुक्काम करावा. दिवसा आलेले प्रवासी संध्याकाळच्या गाडीने परतले की कड्यावरचे नगर शांत होते. आणि ज्या गल्ल्यांतून संत थॉमस मठाकडे जात असतील, त्या गल्ल्यांतून सावकाश चालता येते.

शेवटी एक योगायोग नोंदवावासा वाटतो. आज्ञापत्राला सातशे वर्षे झाली, त्या १९६४ सालच्या ऑगस्टमध्ये पोप सहावे पॉल ओर्व्हिएतोला गेले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते आंतरराष्ट्रीय युखॅरिस्तिक परिषदेसाठी मुंबईला आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिलेच पोप. ओव्हल मैदानावरील त्या अफाट जनसमुदायात आपल्या धर्मग्रामांतील माणसेही गाडीने, मोटारीने, मिळेल त्या वाहनाने जाऊन उभी राहिली होती. त्यांतील काही जण आजही आपल्यामध्ये आहेत. त्यांच्या आठवणी घरातील नातवंडांनी लिहून ठेवाव्यात. जुलियानाचे चरित्र कोणीतरी वेळेवर लिहून ठेवले, म्हणून तर आज आपणांस ते वाचता येत आहे.